स्वभावाचा रिपोर्ट हाती आल्यावर

लातुरात कोणी आपला व्यवसाय 'कोचिंग' असा सांगितला, की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: फिजिक्स शिकवता की बायोलॉजी? प्रवेश परीक्षांच्या क्लासेसनी हा शब्द आपल्या भागात इतका पक्का करून टाकला आहे, की छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत किंवा जालन्याच्या पोलाद आणि बियाणे उद्योगांत ज्याला कोचिंग म्हणतात, ते काय नाही हेच आधी सांगावे लागते. त्यात कोणी काही शिकवत नाही. नोकरीत किंवा धंद्यात असलेली एक प्रौढ व्यक्ती आणि तिचा कोच काही महिने, दर दोन-तीन आठवड्यांनी तासभर एकत्र बसतात; ती व्यक्ती आपल्या कामातील अडचण मांडते आणि कोच सल्ला देण्याऐवजी प्रश्न विचारत, तिचेच बोलणे तिला पुन्हा ऐकवत, पुढचे पाऊल तिने स्वतः ठरवावे यासाठी मदत करतो. या बैठकांच्या सुरुवातीला अनेकदा एक प्रश्नावली भरून घेतली जाते आणि काही दिवसांत रंगीत चक्रे, आलेख आणि चार-दोन इंग्रजी अक्षरे असलेला वीस-पंचवीस पानांचा रिपोर्ट हातात पडतो. हा रिपोर्ट कसा तयार होतो, त्यावर किती भरवसा ठेवावा आणि त्याचे पुढे करायचे काय, एवढ्याच प्रश्नांपुरता हा लेख आहे.

या प्रश्नावल्या दोन जातींच्या असतात आणि त्यांची गल्लत झाली की पुढचा सगळा हिशेब चुकतो. पहिली जात व्यक्तिमत्त्वाची. तिच्यात माणूस स्वतःविषयी उत्तरे देतो आणि त्यावरून त्याचा कल, म्हणजे बहुतेक प्रसंगी तो कोणत्या बाजूला झुकतो, याचा अंदाज बांधला जातो. दुसरी जात वर्तनाची. तिच्यात त्याचे वरिष्ठ, बरोबरीचे आणि हाताखालचे सहकारी यांना प्रत्यक्ष काय दिसते, ते नोंदवले जाते. कंपन्यांत यालाच 'थ्री-सिक्स्टी' म्हणतात. एखादा माणूस मुळात अबोल असूनही रोज सकाळच्या बैठकीत ठणकावून बोलत असेल, तर पहिला रिपोर्ट त्याला अबोल म्हणेल, दुसरा बोलका म्हणेल आणि दोन्ही खरे असतील. रोज असे बोलताना त्याला किती जोर लावावा लागतो, संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत तो किती थकलेला असतो, हे प्रश्न या दोन रिपोर्टांमधल्या फटीतूनच निघतात आणि कोचला त्यांचेच काम असते.

स्वभाव मोजण्याची एक महत्त्वाची वाट भाषेतून निघाली आहे. माणसाला 'कचखाऊ', 'हेकट', 'धांदरट', 'तुसडा', 'खमक्या', 'आतल्या गाठीचा' असे एका शब्दात पकडण्याची आपल्याला जुनी सवय आहे. जालना जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांनी तर दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खलक्षणांनी आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी केला आहे. जो गुण लोकांना रोजच्या व्यवहारात महत्त्वाचा वाटतो, त्याला भाषेत शब्द असतोच, हे गृहीत धरून गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1936 साली इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे 18,000 शब्द वेचून काढले. पुढच्या संशोधकांनी कोणते शब्द एकमेकांच्या सोबतीने येतात हे संख्याशास्त्राच्या मदतीने पाहिले आणि काही दशकांच्या चाळणीनंतर पाच मोठे गट हाती राहिले. नवे स्वीकारण्याची तयारी, नेटकेपणा व जबाबदारीची जाणीव, बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती आणि मन चटकन अस्वस्थ होण्याची प्रवृत्ती, असे ते पाच. लुइस गोल्डबर्ग यांनी त्यांना 'बिग फाइव्ह' म्हटले. हे पाच खण नसून पाच पट्ट्या आहेत, आणि प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठे ना कुठे असतोच.

संशोधनाचा सर्वांत भक्कम आधार याच पद्धतीला आहे, म्हणून तिची मर्यादा आकड्यांतच पाहिलेली बरी. मरे बॅरिक आणि मायकल माउंट यांनी 1991 साली अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा जबाबदारीची जाणीव हा गुण सर्व व्यवसायगटांत कामगिरीशी जोडलेला आढळला. पण त्या जोडणीची ताकद, म्हणजे सहसंबंध, 0.2 च्या आसपास होती. या आकड्याचा वर्ग केला की 0.04 येतो. म्हणजे माणसामाणसांच्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला साधारण चार टक्के हा गुण सांगू शकतो. उरलेल्यात प्रशिक्षण, यंत्राची अवस्था, साहेबाचा स्वभाव, पगार आणि घरचे आजारपण असे सगळे जग येते. चार टक्के ही क्षुल्लक गोष्ट नाही, परंतु तेवढ्यावर कोणाची बढती अडवणे मात्र धाडसाचे ठरेल.

बाजारात मोठा खप आहे तो 'प्रकार' सांगणाऱ्या चाचण्यांचा. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या 1921 सालच्या सिद्धान्तावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स या मायलेकींनी बेतलेली मायर्स-ब्रिग्ज ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध; ती माणसांची चार अक्षरी 16 प्रकारांत विभागणी करते. अडचण विभागणीतच आहे. पाच फूट पाच इंचांवर रेघ मारून वरच्या सगळ्यांना उंच आणि खालच्या सगळ्यांना ठेंगू म्हटले, तर रेघेला खेटून उभे असलेले दोघे वेगळ्या गटांत जातील आणि सहा फुटांचा माणूस पाच-सहाच्या माणसाचा जातभाई ठरेल. बहुतेक माणसे रेघेच्या जवळपासच असतात, त्यामुळे काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली की अनेकांचे एखादे अक्षर बदलते. कर्मचारी निवडीसाठी ही चाचणी वापरू नये, असे तिचे प्रकाशक स्वतःच सांगतात. तरीही मी ती टाकाऊ मानत नाही. दोन भागीदारांना 'तू आधी बोलून विचार करतोस आणि मी आधी विचार करून बोलतो' एवढे एकमेकांना न चिडता सांगता आले, तरी पुष्कळ झाले.

कारखान्यांत याहून अधिक परिचयाची आहे ती 'डिस्क', कारण ती चार शब्दांत आटोपते: वर्चस्व, प्रभाव, स्थैर्य आणि नियमपालन. तिचा मूळ सिद्धान्त विल्यम मार्स्टन यांनी 1928 साली मांडला. हेच गृहस्थ रक्तदाबावरून खोटे बोलणे पकडण्याच्या प्रयोगांसाठी आणि 'वंडर वुमन' या चित्रकथेतील नायिकेचे जनक म्हणूनही ओळखले जातात. प्रश्नावली मात्र त्यांची नव्हे, ती नंतर इतरांनी तयार केली. या जातीच्या अनेक प्रश्नावल्यांत चार शब्द देऊन 'सर्वांत जास्त लागू' आणि 'सर्वांत कमी लागू' असे निवडायला लावतात. असे केल्याने चांगली चांगली उत्तरे ठोकून देता येत नाहीत हा फायदा खरा, पण हिशेब वाटणीचा होतो. चार भावांच्या वाटणीत एकाला जास्त मिळाले की दुसऱ्याचे कमी होणारच, तसे येथे एक गुण वाढला की दुसरा आपोआप घटतो. शिवाय पाच एकरांतला निम्मा हिस्सा अडीच एकर भरतो आणि पन्नास एकरांतला पाव हिस्सा साडेबारा. म्हणून जुन्या पद्धतीने गुण दिलेल्या अशा रिपोर्टवरून एकाच माणसात कोणता कल वरचढ आहे एवढे कळते; हा माणूस त्या माणसापेक्षा अधिक वर्चस्व गाजवणारा आहे, असे मात्र म्हणता येत नाही. नेमकी तीच तुलना कॉन्फरन्स रूमच्या भिंतीवर सगळ्यांचे तक्ते लावून केली जाते.

मग रिपोर्ट वाचताना 'अगदी माझेच वर्णन आहे' असे का वाटते? बोअर घेण्यापूर्वी शेतात हातावर नारळ ठेवून फिरणारा पाणाड्या ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे समजायला अवघड नाही. 'पाणी आहे, पण खोल आहे. मधे एक कठीण थर लागेल' हे वाक्य मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात कुठेही उभे राहून म्हटले तरी सहसा चुकत नाही. बर्ट्रम फोरर यांनी 1948 साली आपल्या 39 विद्यार्थ्यांकडून व्यक्तिमत्त्व चाचणी भरून घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला त्याचे म्हणून एक वर्णन दिले. ते किती जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले, आणि नंतर कळले की सर्वांच्या हातात एकच मजकूर होता, त्यातली बहुतेक वाक्ये ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. 'आपण वरून शिस्तशीर असलो तरी आतून कधी कधी साशंक असता' या धर्तीचे वाक्य रिपोर्टमध्ये दिसले, की मी समोरच्याला ते आपल्या मेहुण्याला किंवा शेजाऱ्याला लावून पाहायला सांगतो. त्यालाही तितकेच बसले, तर ते खोडून पुढे जायचे.

आता आकड्यांविषयी. सीईटीमुळे पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे आपल्याकडे बारावीच्या मुलाच्या आजीलाही ठाऊक असते. 80 पर्सेंटाइल म्हणजे शंभरातील 80 जण मागे आहेत. पण सीईटीत ते शंभर जण कोण हे ठाऊक असते, स्वभावाच्या रिपोर्टमध्ये ते शोधावे लागते. अमेरिकेतील व्यवस्थापकांच्या गटाशी तुलना केली तर जो सुपरवायझर बहिर्मुखतेत 30 वर दिसेल, तोच भारतीय सुपरवायझरांच्या गटात 60 वर दिसू शकतो. माणूस तोच, उत्तरे तीच. या तुलनेच्या गटाला प्रमाणक गट म्हणतात. चाचणी विकायला येणाऱ्याला तो विचारावा, आणि त्याच बैठकीत विश्वसनीयता म्हणजे पुन्हा मोजल्यावर तेच उत्तर येते का, आणि यथार्थता म्हणजे जे मोजतो असे म्हणतात तेच मोजले जाते का, याचेही कागद मागावेत. जो विक्रेता यावर चाचणी वापरणाऱ्या मोठ्या कंपन्यांची यादी दाखवू लागतो, त्याच्याकडे कागद नसतात असा माझा अनुभव आहे.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे सर्वांत कमी विचारला जातो. बहिर्मुखता मोजणाऱ्या एका प्रचलित इंग्रजी विधानाचा शब्दशः अर्थ 'मी पार्टीची जान असतो' असा होतो. बीड किंवा परभणीच्या माणसाच्या डोळ्यांपुढे 'पार्टी' म्हटल्यावर एक तर राजकीय पक्ष येतो किंवा ढाब्यावरचे मटण, आणि दोन्हींविषयी त्याचे मत बहिर्मुखतेवर अवलंबून नसते. त्याऐवजी 'लग्नकार्यात अनोळखी पंगतीतही मी गप्पा सुरू करतो' असे विधान केले, तर मोजायचे तेच मोजले जाईल. पण ते नवे विधान पुन्हा पुरेशा लोकांवर तपासावे लागेल, आणि हा खर्च कोणाला नको असतो. परिणामी इंग्रजी प्रश्नावली सुपरवायझरच्या हातात पडते, शेजारी एचआरचा मुलगा अर्थ सांगायला बसतो आणि उत्तरे त्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून दिली जातात. वरिष्ठांसमोर कशालाही 'हो' म्हणण्याची सवय त्यात मिसळली, की रिपोर्ट स्वभावाचा न राहता अदबीचा होतो.

माझी स्वतःची एक चूकही येथे सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या काळात एका कारखान्यात मी 22 जणांना एकाच सभागृहात बसवून रिपोर्ट वाटले आणि मोठ्या उत्साहाने प्रत्येकाचा रंग, म्हणजे त्याच्या वरचढ कलाला रिपोर्टने दिलेली खूण, समजावून सांगितला. महिन्याने गेलो, तर लोक एकमेकांना रंगाने हाक मारत होते, आणि लेखा विभागातील एक शांत गृहस्थ पुरवठादारांशी भाव ठरवण्याच्या बैठकीतून वगळले गेले होते, कारण 'ते हिरवे आहेत, त्यांना भांडण जमत नाही'. त्याआधी तीन वर्षे तेच ती बैठक सांभाळत होते आणि कोणाची तक्रार नव्हती. तेव्हापासून मी रिपोर्ट सभागृहात वाटत नाही. तो ज्याचा आहे त्याच्यासोबत बंद दाराआड तासभर वाचतो, आणि त्याची प्रत कोणाला द्यायची हे तोच ठरवतो. कंपनी पैसे देते म्हणून रिपोर्ट कंपनीचा होत नाही. कोणाला काय कळवले जाईल, हे पहिल्या बैठकीपूर्वीच कंपनी, ती व्यक्ती आणि कोच अशा तिघांत लेखी ठरलेले असावे. बहुतेक वेळा मी कंपनीला उद्दिष्ट आणि बैठकांची हजेरी एवढेच कळवतो.

वर्तनाच्या मूल्यमापनात काळजी थोडी वेगळी घ्यावी लागते. माती परीक्षणाचा नमुना बांधाजवळून, झाडाखालून किंवा शेणखताच्या ढिगाशेजारून घेऊ नये, शेतात वेगवेगळ्या ठिकाणी खड्डे करून माती एकत्र करावी, असे कृषी सहायक सांगतो. थ्री-सिक्स्टीला हाच नियम लागतो. फक्त मर्जीतल्या माणसांना अर्ज पाठवले, तर ते खताच्या ढिगाशेजारची माती तपासण्यासारखे झाले. उत्तरे कोणाची हे कळू नये म्हणून एका गटात किमान तिघे तरी असावे लागतात. पण जालन्यातील एखाद्या घरच्या धंद्यात, जिथे वरचे चौघे म्हणजे दोन काका आणि दोन पुतणे, तिथे तीन उत्तरांतूनही कोण काय बोलले ते शब्दांवरून ओळखू येते. अशा ठिकाणी मी अर्ज पाठवतच नाही, माणसांशी एकेकटे बोलतो. अभिप्राय दिला की सुधारणा होते, हा समजही तपासून घ्यावा असा आहे: अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी 1996 साली 600 हून अधिक निष्कर्ष एकत्र पाहिले, तेव्हा अभिप्रायाने सरासरी फायदा झालेला दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी कामगिरी उलट घसरली होती. लक्ष कामावरून उठून 'मी कसा आहे' यावर गेले, की घसरण होते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

चाचणी खुद्द शिकणाऱ्याच्याच हातात देण्याचा एक जुना प्रयोग आपल्या शेजारच्या राज्यात झालेला आहे, आणि मला तो आजच्या रंगीत चक्रांपेक्षा पुढचा वाटतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 च्या सुमारास काकीनाडा येथील छोट्या उद्योजकांना हैदराबादच्या एका संस्थेत निवासी प्रशिक्षण दिले. चित्र पाहून गोष्ट लिहायची आणि त्या गोष्टीत यशाची ओढ किती दिसते हे मोजायचे, अशी ती चाचणी होती. पण गुण गुप्त न ठेवता त्या व्यापाऱ्यांनाच आपल्या गोष्टी तपासायला शिकवले गेले. आपण लिहिलेल्या गोष्टीतला माणूस पुढची योजना आखतो की नशिबाला दोष देत बसतो, हे त्यांनी स्वतःच वाचले.

मी त्याच वाटेने जायचा प्रयत्न करतो: रिपोर्टमधले विशेषण घ्यायचे आणि ज्याचे ते आहे त्यालाच ते एखाद्या प्रसंगात शोधायला लावायचे. वाळूजच्या एका प्रेस शॉपचे, म्हणजे यंत्राने दाबून धातूचे भाग घडवणाऱ्या विभागाचे, उत्पादन व्यवस्थापक माझ्याकडे होते; ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. ऑपरेटर म्हणून लागून वीस वर्षांत वर आलेला माणूस. जुळवून घेण्याच्या वृत्तीत त्यांचा आकडा 12 पर्सेंटाइल होता, आणि थ्री-सिक्स्टीत हाताखालच्या लोकांनी 'चारचौघांत पाणउतारा करतात' असे लिहिले होते. त्यांनी रिपोर्ट मिटवला आणि म्हणाले, "म्हणजे मी तुसडा आहे, हे आता छापून आलं. गावात तर आधीच माहीत होतं."

मी आकडा बाजूला ठेवला आणि आदल्या आठवड्यातला एकच दिवस, मिनिटामिनिटाने सांगा म्हटले. साडेतीन वाजता पहिली पाळी सुटते. ते फलकाजवळ, पिवळ्या पट्ट्यांच्या आत उभे राहतात, रिजेक्शनचे, म्हणजे खराब निघालेल्या पिसांचे, रजिस्टर हातात घेतात आणि यंत्रानुसार आकडे मोठ्याने वाचतात. सात नंबर, चौदा पीस, कोण होतं सातवर? सातवरचा मुलगा डब्याची पिशवी खांद्याला लावून उभा असतो, बाहेर कंपनीची बस चालू झालेली असते, आणि दुसऱ्या पाळीची माणसे आत येता येता ऐकतात. मी विचारले, दुसऱ्या दिवशी सातवर पंधरावा पीस खराब निघाला, तर तो मुलगा काय करेल? ते बराच वेळ चहाच्या कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "चांगल्या पिसांच्या बिनमध्ये, तळाशी टाकेल. मी पण टाकायचो."

त्यांचा स्वभाव बदलायचा बेत आम्ही केला नाही, आणि सहा महिन्यांनी तीच चाचणी भरली असती तर आकडा बाराच्या आसपासच आला असता, असे मला वाटते. बदलले ते एवढेच: रजिस्टर वाचणे बंद, तीन वाजताच प्रत्येक यंत्रापाशी जायचे, 'किती गेले' आणि 'काय होताना दिसलं' हे दोन प्रश्न हळू आवाजात विचारायचे, उत्तर येईपर्यंत मनात दहा आकडे मोजायचे, आणि फलकावर फक्त सगळ्या शॉपची बेरीज लिहायची. दहा मोजणे त्यांना सर्वांत जड गेले. चार म्हणता म्हणताच तोंड उघडते, असे त्यांनी तिसऱ्या बैठकीत सांगितले.

पहिल्या दोन आठवड्यांत रिजेक्शनचा आकडा वाढला. प्लांट हेडनी दोघांनाही केबिनमध्ये बोलावले आणि कोचिंग उलटे लागले की काय, असे मला विचारले. मी काही बोलायच्या आत व्यवस्थापकांनीच उत्तर दिले, "साहेब, हे पीस मागच्या महिन्यात बी होतेच की. फक्त बिनच्या तळाशी होते."